नळदुर्गच्या वाटेवरचा शर्मन : छोट्या रणगाड्यावर माती, धूळ आणि गंज चढवण्याची रीत

रणगाड्याचे मॉडेल नीट जोडून त्यावर एकसारखा हिरवा रंग दिला, की ते पूर्ण झाले असे वाटते. पण टेबलावर ठेवून चार पावले मागे जाऊन पाहिले, तर ते जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसते. खरा रणगाडा तीस टनांच्या वर वजनाचा असतो, तो माती तुडवत जातो, त्यावर माणसे बूट घालून चढतात, त्याच्या टाकीत इंधन ओतताना ते सांडते आणि पाऊस पडला की साचलेली धूळ ओघळून खाली येते. या सगळ्याच्या खुणा मॉडेलवर उमटवण्याच्या कामाला छंदवाले ‘वेदरिंग’ म्हणतात. या लेखात १/३५ प्रमाणातील रणगाड्याचे वेदरिंग टप्प्याटप्प्याने सांगितले आहे, आणि त्यातही चिखलावर अधिक भर आहे. कारण या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन युरोपातील माती डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते, आणि आपल्या काळ्या रानाची माती त्या नियमांना जुमानत नाही.

आधी प्रसंग ठरवा, मग ब्रश हातात घ्या

कोणती खूण कुठे करायची हे ठरवण्यासाठी रणगाडा कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस चालला आहे, हे आधी ठरवावे लागते. उदाहरणासाठी मी आपल्याच मुलखातला एक प्रसंग घेतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत अवस्थेत ताब्यात घेतला आणि पहिल्या चिलखती ब्रिगेडची तुकडी जळकोटमार्गे त्याच दिवशी दुपारी उमरग्यापर्यंत पोहोचली. दुसरी एक तुकडी तुळजापूरकडे वळली. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या या मोहिमेचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होते आणि १७ सप्टेंबरला ती संपली. तोच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. या सैन्यात शर्मन रणगाडे होते, आणि शर्मनचे १/३५ प्रमाणातील किट तामियासह अनेक कंपन्यांचे मिळते.

एवढ्या माहितीवरून वेदरिंगचा अर्धा आराखडा तयार होतो. मोहीम पाच दिवसांची आहे, त्यामुळे त्या काळात चिलखतावर खोल गंज चढायला वेळ नाही. महिना सप्टेंबरचा आहे, म्हणजे पावसाची उघडझाप चालू आणि काळे रान ओले. सडक मुरूम आणि खडीची धरली, तर सडकेवरून जाताना तांबूस-करडी धूळ अंगावर बसणार आणि रानात उतरल्यावर काळा चिखल पट्ट्यांत भरणार. रणगाडे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहेत, त्यामुळे दारांच्या कडा आणि चढण्याउतरण्याच्या जागा आधीच झिजलेल्या असणार. ज्यांना हाच रणगाडा थरच्या वाळवंटात किंवा पंजाबच्या पाणथळ शेतांत दाखवायचा असेल, त्यांनी याच पद्धतीने स्वतःचा आराखडा करावा. तंत्र तेच राहते, माती बदलते.

पाहण्यासाठी ट्रॅक्टर

रणगाडा रोज पाहायला मिळत नाही, ट्रॅक्टर मात्र प्रत्येक गावात उभा असतो, आणि वेदरिंग शिकण्यासाठी त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. पाऊस पडून गेल्यावर रानातून परतलेल्या ट्रॅक्टरची मोबाइलवर जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि तोच ट्रॅक्टर दोन दिवसांनी पुन्हा पाहावा. पहिल्या दिवशी चिखल जवळजवळ काळा आणि चकचकीत दिसतो. दोन दिवसांनी तोच राखेसारखा करडा झालेला असतो, त्याला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि मडगार्डच्या आतून त्याच्या खपल्या निघू लागलेल्या असतात. ‘काळी माती’ म्हणून मॉडेलवर सरसकट काळा रंग फासणे ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक आहे. वाळलेली काळी माती काळी नसतेच.

ट्रॅक्टरवर आणखी दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. जिथे तेल किंवा ग्रीस पाझरते तिथेच धूळ सर्वांत जाड आणि सर्वांत गडद बसते. जिथे माणसाचा पाय किंवा हात रोज लागतो तिथे धूळ टिकत नाही, उलट रंग घासून तुळतुळीत होतो.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे जवळून पाहता येतात, आणि मराठवाड्यातून तिथे जाऊन एका दिवसात परत येता येते. तिथे वेल्डिंगचे सांधे, ओतीव पोलादाचा खरबरीतपणा आणि ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या, कड्यांची रचना अवश्य पाहावी. वेदरिंगसाठी मात्र तो नमुना धरू नये, कारण संग्रहालयातील वाहनांवर जपणुकीसाठी वेळोवेळी ताजा रंग दिला जातो.

साहित्य, आणि थिनरविषयी एक इशारा

परदेशी कंपन्यांच्या तयार वेदरिंग बाटल्या चांगल्या असतात, पण महाग पडतात आणि त्यांच्यावाचून काही अडत नाही. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, काळा आणि पांढरा अशा तैलरंगांच्या लहान नळ्या घ्याव्यात. त्याबरोबर शून्य आणि दोन क्रमांकांचे टोकदार ब्रश, एक चपटा ब्रश, एक जुना झिजलेला ब्रश, भांडी घासण्याच्या स्पंजचा तुकडा, मऊ शिसाची पेन्सिल, फेव्हिकॉल, साधा हेअरस्प्रे, अॅक्रिलिक रंग, आणि चकचकीत व मॅट असे दोन्ही प्रकारचे अॅक्रिलिक वॉर्निश एवढे पुरते.

तैलरंग पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन लागते, आणि इथे सावध राहावे लागते. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘थिनर द्या’ म्हटले, की दुकानदार बहुधा फर्निचरच्या लॅकरसाठी वापरले जाणारे एनसी थिनर हातात ठेवतो, आणि ते पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवते. माझ्या पहिल्या रणगाड्याच्या मागच्या झाकणावरची जाळी अशीच गुळासारखी वितळली होती. चूक मागणाऱ्याची होती. तेव्हापासून मी ‘टर्पेंटाइन’ हा शब्द उच्चारूनच वस्तू मागतो, आणि नवीन बाटली आणली की आधी किटच्या उरलेल्या चौकटीवर, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या काड्यांना सुटे भाग जोडलेले येतात त्यांवर, एक थेंब टाकून दहा मिनिटे वाट पाहतो. टर्पेंटाइनसुद्धा प्लास्टिकवर साचू देऊ नये. विशेषतः चाकांचे दांडे आणि ताणलेले सांधे त्यात भिजत राहिले, तर ठिसूळ होऊन तुटतात.

दुसरी स्थानिक अडचण पाण्याची. बोअरचे जड पाणी मॉडेलवर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि मॅट हिरव्या रंगावर ते ठळकपणे दिसतात. अॅक्रिलिक पातळ करण्यासाठी आणि मॉडेल धुण्यासाठी गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचे जे डिस्टिल्ड पाणी मिळते, ते वापरावे.

या सगळ्या कामामागे थरांचा एकच नियम आहे. खालचा रंग अॅक्रिलिकचा असेल आणि तो पूर्ण वाळलेला असेल, तर वर तैलरंग आणि टर्पेंटाइन वापरता येते, चुकले तर पुसता येते, आणि खालचा रंग हलत नाही. हा क्रम उलटला, म्हणजे न वाळलेल्या तैलरंगावर अॅक्रिलिक दिले, तर वरच्या थराला तडे जातात.

मूळ रंग आणि वॉर्निश

जोडलेले मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, प्रायमर द्यावा. त्यावर ऑलिव्ह हिरवा मूळ रंग देताना तो बाटलीतल्यापेक्षा थोडा फिकट करावा, कारण पुढचा प्रत्येक थर त्याला गडद करत जाणार असतो. आडव्या भागांवर, म्हणजे टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) माथ्यावर आणि इंजिनच्या झाकणावर, त्याच रंगात थोडा पिवळसर पांढरा मिसळून हलकी छटा दिली, तर उन्हाने रंग उडाल्याचा भास होतो.

एअरब्रश वापरणाऱ्यांनी आपल्या हवामानाचा विचार करावा. मे महिन्याच्या दुपारी अॅक्रिलिकचा थेंब मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरबरीत होतो. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर उरकावे आणि रंगात वाळण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर घालावे. उलट, भर पावसाळ्यात वॉर्निश फवारले तर दमट हवेतील ओलावा त्यात अडकून पांढरट धुके धरते. वॉर्निशचे काम उघडीप असलेल्या दिवसासाठी राखून ठेवावे.

मूळ रंग वाळल्यावर चकचकीत वॉर्निशचा पातळ थर द्यावा, त्यावर क्रमांकांची आणि चिन्हांची डिकल (किटमध्ये येणारी, चिकटवायची छापील चित्रे) लावावीत आणि पुन्हा एकदा तेच वॉर्निश देऊन किमान चोवीस तास हात लावू नये. चकचकीत पृष्ठभागावर पातळ रंग खोबणींतून सहज वाहत जातो. मॅट पृष्ठभाग तो टिपकागदासारखा शोषून घेतो आणि डाग पडतो.

फिल्टर आणि वॉश

फिल्टर म्हणजे पंधरा-वीस थेंब टर्पेंटाइनमध्ये एखादा थेंब तैलरंग घालून, ओलसर ब्रशने संपूर्ण पृष्ठभागावर दिलेली पुसटशी छटा. ऑलिव्ह हिरव्यावर यलो ऑकरची छटा चांगली दिसते. ब्रश निथळून घ्यावा, पाणी साचल्यासारखे थेंब राहू देऊ नयेत. यापेक्षा अधिक वेळ या टप्प्यावर घालवण्याचे कारण नाही.

वॉशला मात्र धीर लागतो. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळून तो चहाइतका पातळ करावा आणि टोकदार ब्रशचे टोक फक्त खोबणीला, बोल्टच्या बुडाला किंवा वेल्डिंगच्या सांध्याला टेकवावे; रंग स्वतःहून रेषेतून धावतो. शर्मनच्या पुढच्या गिअरपेटीवरची बोल्टांची रांग, दारांच्या बिजागऱ्या, चाकांच्या जोडण्या आणि इंजिनच्या जाळ्या या जागा चुकवू नयेत. अर्ध्या तासाने स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर कोरडा केलेल्या ब्रशने आजूबाजूचा जास्तीचा रंग वरून खाली ओढून घ्यावा. तो निघेनासा झाला म्हणून थिनरकडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे.

वॉश एक-दोन दिवस वाळू द्यावा आणि नंतर मॅट वॉर्निशचा एक थर द्यावा, कारण पुढे येणारी धूळ आणि भुकटी चकचकीत पृष्ठभागावर धरत नाही.

रंगाचे टवके आणि गंज

स्पंजचा तुकडा तोडून त्याची फाटकी कड गडद चॉकलेटी अॅक्रिलिकमध्ये बुडवावी, कागदावर टिपून जवळजवळ कोरडी करावी आणि दारांच्या कडांना, चढण्याच्या पायऱ्यांना, अवजारांच्या पट्ट्यांना हलकेच टेकवावी. त्याआधी त्याच जागी मूळ रंगाहून फिकट हिरव्याचे मोठे टवके उमटवले आणि मग त्यांच्या आत चॉकलेटीचे लहान ठिपके घातले, तर टवक्याला खोली येते. प्रमाणाचे भान इथे सुटता कामा नये : १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा असतो. सगळ्या कडांना सारखे टवके पडत नाहीत. ज्या दारातून चालक रोज आत-बाहेर करतो त्याची कड झिजते, आणि टरेटच्या मागच्या बाजूला कोणाचा हात पोहोचत नाही तिथे रंग नवा राहतो.

मोठ्या पट्ट्यात रंग उडालेला दाखवायचा असेल, उदाहरणार्थ मडगार्डवर, तर तो निर्णय मूळ रंग देण्याआधीच घ्यावा लागतो. आधी गंजाचा तपकिरी थर, त्यावर वॉर्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर आणि त्यावर पाण्याने पातळ केलेला हिरवा अॅक्रिलिक द्यावा. तो वाळल्यावर दोन-तीन तासांच्या आत ओल्या राठ ब्रशने घासले, की हेअरस्प्रे पाण्याने सुटतो आणि वरचा रंग वेड्यावाकड्या तुकड्यांत निघतो. एक रात्र गेली तर रंग घट्ट होतो आणि घासण्याचे कष्ट वाया जातात.

गंजाच्या बाबतीत बहुतेकांचा हात सैल सुटतो. चालू वापरातल्या रणगाड्याचे जाड चिलखत गंजून पोखरले जात नाही. उघड्या पडलेल्या धातूवर नारिंगी-तपकिरी साय धरते, इतकेच. खरा गंज पातळ पत्र्याच्या, तापणाऱ्या भागांवर, म्हणजे धुराड्याच्या नळीवर आणि तिच्या आवरणावर दिसतो. तिथे बर्न्ट अंबरचा गडद थर देऊन, तो ओलसर असतानाच बर्न्ट सिएनाचे आणि थोड्या यलो ऑकरचे ठिपके ब्रशच्या टोकाने टोचावेत. आपल्या पाच दिवसांच्या मोहिमेतल्या शर्मनला याहून अधिक गंज शोभणार नाही.

ओघळ

तैलरंग वापरण्याआधी तो अर्धा-एक तास पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळून ठेवावा. पुठ्ठा त्यातले जवसाचे तेल शोषून घेतो, रंग लवकर वाळतो आणि त्याला चकाकी येत नाही. मग हलच्या, म्हणजे टरेटखालच्या मुख्य धडाच्या, उभ्या बाजूवर, वरच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके तुरळक अंतरावर ठेवावेत आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली, एकाच दिशेने ओढत ते जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत पसरवावेत. धुळीच्या ओघळासाठी ऑकर आणि पांढरा, मळाच्या ओघळासाठी रॉ अंबर, आणि गंजाच्या ओघळासाठी बर्न्ट सिएना घ्यावा. हा शेवटचा टवक्याच्या किंवा बोल्टच्या खालीच सुरू व्हायला हवा. पाणी ज्या वाटेने खाली येईल तीच ओघळाची वाट असते, त्यामुळे तिरक्या पत्र्यावर ओघळ उताराच्या दिशेने जातो आणि आडव्या पत्र्यावर ओघळच नसतो, तिथे डबके वाळल्याचा वळेदार डाग असतो.

माती गाळणे

आता मुख्य विषयाकडे येऊ. मॉडेलसाठी रानातली माती तशीच वापरता येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा प्रमाण हेच आहे. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो. चहाच्या गाळणीतून गाळलेली मातीसुद्धा रणगाड्यावर खडीसारखी दिसते.

काळी माती ओंजळभर घेऊन मोठ्या भांड्यात पाण्यात कालवावी आणि अर्धा मिनिट थांबावे. खडे आणि जाड रेती तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि तळ टाकून द्यावा. असे दोन-तीनदा केले, की हाती फक्त सूक्ष्म माती राहते, पण ती इतकी बारीक असते की दिवसचे दिवस पाण्यात तरंगत राहते. पुराचे गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघरी जे करतात तेच इथे करावे : तुरटी चार वेळा फिरवावी, गाळ खाली बसतो. वरचे पाणी ओतून टाकून तो गाळ एकदा साध्या पाण्याने धुवावा, उन्हात वाळवावा, आणि मग जुन्या, स्वयंपाकात परत न जाणाऱ्या तव्यावर वीसेक मिनिटे भाजावा, म्हणजे त्यातला जीवजंतू आणि बुरशीचा संसर्ग मॉडेलवर येत नाही. शेवटी खलबत्त्यात कुटून जुन्या तलम ओढणीतून वस्त्रगाळ करावा. मुरमाची तांबूस भुकटी आणि सडकेकडेचा करडा फुफाटा याच पद्धतीने वेगवेगळ्या डब्यांत तयार करून ठेवावा. कुटताना आणि गाळताना तोंडाला मास्क हवाच. इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

काळ्या मातीची स्वतःची एक खोड आहे. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नेमके हेच मॉडेलवर होते. मी पहिल्यांदा ही माती नुसत्या पाण्यात आणि फेव्हिकॉलमध्ये कालवून हलच्या खालच्या बाजूला जाड थापली, तेव्हा ती दोन दिवसांत आकसली आणि निघताना खालचा रंगही घेऊन गेली. त्यावर उपाय दोन आहेत. धुळीसाठी माती पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये कालवावी, कारण त्याने ती फुगत नाही. जाड चिखलासाठी मातीचे प्रमाण कमी ठेवून न आकसणारा भरणा वाढवावा : एक भाग काळी माती, दोन भाग खडी क्रशरची वस्त्रगाळ भुकटी, अर्धा भाग फेव्हिकॉल आणि लापशीसारखे दाट होईल इतकेच डिस्टिल्ड पाणी. रंग जुळवण्यासाठी त्यात अॅक्रिलिकचे दोन-चार थेंब घालता येतात.

चिखल कुठे बसतो

रणगाडा पुढे चालत असताना ट्रॅकचा खालचा भाग जमिनीवर स्थिर असतो, मागच्या मोकळ्या चाकापाशी तो जमीन सोडून वर उचलला जातो, वरच्या बाजूने रणगाड्याच्या दुप्पट वेगाने पुढे येतो आणि शर्मनमध्ये पुढच्या दातेरी चाकावरून पुन्हा खाली उतरतो. त्यामुळे चिखल दोन ठिकाणी फेकला जातो : मागे, जिथे ट्रॅक ढेकळांसह वर येतो, आणि पुढे मडगार्डखाली, जिथे वळण घेताना तो झटकला जातो. चाकांच्या मधल्या हलच्या बाजूवर चिखल साचतो आणि बसून राहतो, कारण तिथे त्याला खरवडणारे काही नसते. टरेटवर चिखलाचे गोळे उडालेले दाखवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, की तिथपर्यंत तो पोहोचला कसा?

हे काम तीन थरांत, दोन दिवसांच्या अंतराने करावे. पहिला थर वाळलेल्या जुन्या चिखलाचा आणि फिकट करडा. मिश्रण झिजलेल्या ब्रशने टोचत टोचत लावावे, चोपडून लावू नये. दुसरा थर अधिक गडद, पहिल्यापेक्षा कमी जागेत आणि जमिनीच्या जवळ. तिसरा ताज्या चिखलाचा, अगदी थोडा, आणि तो वाळल्यावर त्याच्यावरच फक्त चकचकीत वॉर्निशचा हात फिरवावा, म्हणजे ओलेपणा दिसतो. फिकटापासून गडदाकडे आणि मोठ्या क्षेत्रापासून लहानाकडे असा हा प्रवास उलटा केला, की रणगाडा शेणाने सारवल्यासारखा दिसतो. पहिला थर वापशावर आला असताना, म्हणजे बोटाला चिकटत नाही पण दाबले तर दबतो अशा वेळी, टूथपिकने त्यात चाकाच्या कडेची घासलेली रेघ ओढावी. पूर्ण वाळल्यावर ती ओढता येत नाही.

उडालेल्या शिंतोड्यांसाठी हेच मिश्रण पातळ करून राठ ब्रशवर घ्यावे आणि ब्रशचे केस टूथपिकने मागे ओढून सोडावेत. बाकीचा भाग आधी कागदाने झाकून घ्यावा. चिखलात केरसुणीच्या काडीचे केसाएवढे बारीक तुकडे दोन-चार ठिकाणी रोवले, तर रानातून गेल्याची खूण पटते. सप्टेंबरात ज्वारी, तूर उभी असते, तेव्हा काही तुकडे हिरवे रंगवावेत. सगळेच वाळके असतील तर महिना चुकतो.

ट्रॅक

शर्मनच्या ट्रॅकमध्ये अनेकांची गफलत होते. या रणगाड्याला पूर्ण पोलादी ट्रॅकही होते आणि रबरी ठोकळ्यांचेही होते. रबरी ठोकळ्यांचा जमिनीला घासणारा पृष्ठभाग रबराचा असतो, त्यामुळे तो चांदीसारखा चमकत नाही. फिकट, धुळकट करडाच होतो. चमकतात ती दोन ठोकळ्यांना बाजूने जोडणारी धातूची कडी आणि मार्गदर्शक दाते. किटमध्ये कोणता ट्रॅक दिला आहे ते पाहूनच पुढे जावे.

ट्रॅक वेगळा रंगवावा. गडद करडा-तपकिरी अॅक्रिलिक, त्यावर बर्न्ट अंबरचा वॉश, आणि मग चिखलाचे मिश्रण खोबणींत दाबून वरचा पृष्ठभाग ओल्या कापडाने पुसून घ्यावा. पेन्सिलचे शिसे काचकागदावर घासून मिळालेली भुकटी बोटाच्या टोकाने धातूच्या कडांवर आणि दातेरी चाकाच्या दात्यांवर चोळली, की झिजलेल्या पोलादाची खरी चमक येते. चंदेरी रंगाने ती येत नाही.

धूळ, तेल आणि शेवटचा हात

धूळ सर्वांत शेवटी, कारण खरी धूळही शेवटीच बसते. वस्त्रगाळ फुफाटा कोरडाच मऊ ब्रशने आडव्या पत्र्यांच्या कोपऱ्यांत, दारांच्या बुडाशी आणि अवजारांखाली सोडावा आणि कडेला टर्पेंटाइनचा एक थेंब टेकवावा. तो स्वतः आत ओढला जातो आणि वाळल्यावर धूळ धरून ठेवतो. ओली असताना ती फार गडद दिसते, वाळल्यावर पुन्हा उजळते, तेव्हा घाईने आणखी टाकू नये. जिथे माणसाचा वावर आहे तिथली धूळ बोटाने किंवा कापसाच्या काडीने पुसून काढावी. यावर मॅट वॉर्निश मारण्याचा मोह टाळावा, कारण वॉर्निशखाली बारीक धूळ जवळजवळ नाहीशी होते आणि केलेले काम पुन्हा करावे लागते.

इंधन सांडल्याचे डाग टाकीच्या झाकणाभोवती द्यावेत : काळा आणि बर्न्ट अंबर यांचे पातळ मिश्रण चकचकीत वॉर्निशमध्ये घालून, एक मोठा पुसट डाग आणि त्याच्या आत एक लहान गडद डाग. चाकांच्या मध्यभागी ग्रीस पाझरल्याचा ठिपकाही याच मिश्रणाचा. एका रणगाड्यावर असे चार-पाच डाग पुष्कळ झाले.

काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि टर्पेंटाइन गॅसच्या शेगडीपासून व देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात कोंबू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर ही भीती अधिक आहे. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

तयार मॉडेल काचेच्या पेटीत ठेवावे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घरात रोज धूळ येते, आणि ती मॉडेलवरच्या बेतलेल्या धुळीत मिसळली की वेगळी काढता येत नाही. ब्रशने झटकायला गेले तर दोन्ही निघतात. चिखलाची एखादी खपली निघाली, तर मूळ मिश्रणाचा थोडा साठा कोरड्या भुकटीच्या रूपात, कोणत्या रणगाड्याचा ते डबीवर लिहून, जपून ठेवलेला बरा, कारण दुसऱ्या रानातून आणलेल्या मातीचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाही.